रिकाम्या खोलीचा आकडा

१

ठिणगीचं काम तसं लोकांना हाकलून देण्याचंच. कुणाच्या ऑफिसात, कुणाच्या घरात जायचं, खिडक्या लावायच्या, पंखे बंद करायचे, खोलीच्या मधोमध तिवईवर मीटर ठेवायचं आणि म्हणायचं, "आता सगळ्यांनी बाहेर व्हा." मोठमोठे साहेबसुद्धा निमूट उठून बाहेर जायचे. तेवढ्यासाठी तरी ही नोकरी तिला आवडायची.

मीटर हवेतलं बरंच काही मोजायचं. धूळ, ओल, नव्या फर्निचरचा उग्र दर्प. पण तिचा लाडका आकडा एकच, माणसाच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. मोकळ्या हवेत तो चारशेवीसच्या आसपास असतो. दहा बाय बाराच्या बंद खोलीत एक माणूस नुसता बसून राहिला, तरी तासाभरात तो साडेपाचशेने चढतो. दोन माणसं असली तर अकराशेने. एकदा एका कंपनीच्या बैठकीच्या खोलीचा आलेख पाहून ती सहज म्हणाली होती, "सात जण होते. अकराच्या सुमाराला त्यातले दोघं सटकले." तिथल्या मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

या कामाचा एक पक्का नियम होता. आधी रिकामी खोली, मग माणसं. रिकाम्या खोलीचा आकडा हा पाया. तो पक्का झाल्याशिवाय पुढचं मोजायचं नाही.

बाहेर तिचा शब्द चालायचा. घरी नाही. घरी फक्त बाबा होते, आणि बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. अडतीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात करवतीवर काढलेली. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की म्हणायचे, "लाकूडच आहे, विष नाही." आता त्या लाकडाचा भुसा छातीत जाऊन बसला होता. बाबांच्या श्वासाला शिटी होती. बारीक, लांबट, दोन स्वरांची. घराच्या कुठल्याही कोपऱ्यात ती ऐकू यायची. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र लावायला सांगून दोन महिने झाले होते, आणि तेवढेच दिवस बापलेकीचं रोज वाजत होतं.

"नाकात नळ्या घालून बसायला मी काय मत्स्यालयातला मासा आहे?" बाबा म्हणायचे.

"मासा परवडला, बाबा. तो निदान नको तिथे तोंड उघडत नाही."

"जीभ बघ कशी चालते. नाव उगाच नाही ठेवलं मी तुझं ठिणगी."

यंत्राऐवजी बाबांनी झाडं आणली होती. बागेतल्या बाकावरच्या त्यांच्या म्हाताऱ्या मंडळींपैकी कुणीतरी फोनवर धाडलं होतं, घरातली हवा शुद्ध करणारी दहा झाडं. दादा परदेशी गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती. बाबांनी तिथे फळ्यांच्या पायऱ्या ठोकल्या, त्यांवर कुंड्या मांडल्या. मनीप्लांट, स्नेक प्लांट, नेचे, रबराचं झाड. दहाची चाळीस झाली, चाळीसची किती झाली ते मोजायचं तिने सोडून दिलं. मधे एक बुटकं बाकडं. सकाळचा चहा झाला की बाबा आत जायचे आणि दार लावून घ्यायचे.

"मला आत बरं वाटतं," ते म्हणायचे.

"वाटतं! वाटण्यावर औषध देतात का कुणी?"

शेवटी एका रविवारी सकाळी तिने पैज लावली. मीटर लावते. झाडांनी हवेत काडीचाही फरक पडत असेल, तर यंत्राचं नाव काढणार नाही. पडत नसेल, तर सोमवारी यंत्र घरात.

बाबा हसले. "लाव की."

२

दहा वाजता तिने खोली रिकामी केली. म्हणजे बाबांना बाहेर काढलं. खिडकी लावली, तिवईवर मीटर ठेवलं, दार ओढून घेतलं. दाराला डोक्याच्या उंचीवर काचेची चौकट होती. दादा अभ्यास करतोय की झोपा काढतोय, हे बघायला बाबांनीच ती एके काळी बसवली होती. दादाने आतून तिला पोस्टर चिकटवून टाकलं, ती गोष्ट वेगळी. आता पोस्टर नव्हतं. काचेतून पानंच पानं दिसत होती, त्यांवर खिडकीतलं ऊन.

तिचा अंदाज ठरलेला होता. उन्हात झाडं कार्बन डायऑक्साइड ओढतात, पण इतका थोडा, की आकडा चारशेवीसचा फार तर चारशेदहा होईल. दहाने काही होत नाही हे बाबांना दाखवायचं, भांडण संपवायचं.

अकरा वाजता ती आत गेली. मीटरवर नऊशेसत्तर होते.

"बघितलंत?" ती विजयाने ओरडली. "शुद्ध करायचं राहिलं बाजूला, तुमच्या झाडांनी हवा घाण केलीये!"

बाबा स्वयंपाकघरातून शिटी वाजवत आले, आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग? किती माणसांचा झाला?"

त्यांनी थट्टेतच विचारलं होतं. पण तिने मीटरवरचा आलेख उघडला आणि तिचं हसू विरलं. रेघ दार लावल्या क्षणापासून एका संथ चढाने वर गेली होती. असे चढ तिने शेकडो वेळा पाहिले होते. हा एका माणसाचा होता. स्वस्थ बसलेल्या एका माणसाचा.

आपण करतोय तो वेडेपणा आहे, हे कळत असूनही तिने दादाचं कपाट उघडून पाहिलं. फळ्यांच्या खाली वाकून पाहिलं. ओली माती, कुंड्यांचे बूड, भिंत.

"काय शोधतेस?"

"काही नाही. मातीतले जंतू श्वास सोडतात. इतकी माती आहे, त्यांचाच असेल."

"म्हणजे जंतूंमुळे मला बरं वाटतं?"

"बाबा, गप्प बसा."

३

त्या संध्याकाळीच तिने हिशोब मांडून पाहिला. मातीतून एवढा वायू यायचा, तर खोली गुडघ्यापर्यंत मातीने भरावी लागली असती. मग मीटर बिघडलं असेल. सोमवारी तिने ऑफिसातून दुसरं मीटर आणलं, मंगळवार ते गुरुवार अर्धा अर्धा दिवस रजा काढली. दोन्ही मीटरं आत ठेवली. खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून काही झिरपत असेल म्हणून दाराच्या फटींना बाहेरून चिकटपट्टी लावली.

शेजारच्या काकू दुधाचं पातेलं मागायला आल्या आणि ते बघून दारातच थबकल्या. "अगं बाई, आत कुणाला कोंडलंयस?"

"कुणाला नाही, काकू. आत कुणी नाहीये."

"मग पट्टी कशाला?"

तिने पातेलं आणून काकूंच्या हातात दिलं.

दोन्ही मीटरांचा आकडा सारखाच आला. एका माणसाचा. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. भर उन्हात, पानं तरतरीत, खोली रिकामी, आणि रेघ शांतपणे वर. गुरुवारी तिने दाराला कान लावला. काही ऐकू येत नव्हतं. पाठीमागे, हॉलमध्ये, बाबांची शिटी तेवढी चालू होती. ती थोडा वेळ त्या शांततेकडे कान देऊन उभी राहिली. रिकाम्या खोलीत एक प्रकारची पोकळ शांतता असते, तिला ती कामामुळे ओळखीची होती. ही तशी नव्हती. कुणीतरी बोलता बोलता गप्प झाल्यावर होते, तशी ही होती.

रात्रीच्या ऐवजी दादाला दुपारीच फोन लावला, तिकडची पहाट असतानाही.

"तू ना, सगळ्यावर भांडतेस," दादा जांभई देत म्हणाला. "आता खोलीशी भांडतेयस. त्यांना बरं वाटतंय ना? मग बसू दे."

"तुझं काय जातंय तिकडून सांगायला? शिटी मला ऐकावी लागते."

"मी मागच्या आठवड्यात फोन केला तेव्हा तर नव्हती शिटी. मस्त बोलले. खोलीतूनच बोलत होते."

तिने फोन ठेवला. खरंच की. बाबा आत गेले की शिटी थांबायची. तिनेही ते ऐकलं होतं, म्हणजे ऐकलं नव्हतं, आणि दार जाड आहे अशी स्वतःची समजूत घातली होती. ते दार प्लायवूडचं होतं.

४

शुक्रवारी ऑफिसात ती एका शाळेचा अहवाल भरत होती. तक्त्यात दोन रकाने असतात. रिकामी खोली. माणसांसह. दुसऱ्या रकान्याशी येऊन तिचा हात थांबला.

घरी तिने चार वेळा पाया मोजला होता. पाया चुकतोय म्हणून पुन्हा पाया, पुन्हा पाया. नियमच तसा होता, आणि नियमापायी तिने प्रत्येक वेळी बाबांना बाहेर काढलं होतं. बाबा आत असताना खोली कशी असते, हे तिने एकदाही मोजलं नव्हतं.

पोट दुखतंय असं साहेबांना सांगून ती निघाली.

बाबा नुकतेच जेवून उठले होते. "आज मी मीटर ठेवते आणि तुम्ही आत बसा," ती म्हणाली.

"म्हणजे हाकलायचं नाही?"

"नाही."

"मोठी कृपा झाली बाईसाहेबांची."

दार लावलं तेव्हा दोन वाजले होते. आता चढ दोघांचा यायला हवा होता. एक तो जो कोण किंवा जे काय असेल त्याचा, आणि एक बाबांचा. तीन वाजता पंधराशेच्या पुढे. फोनवर तिला मीटरचा आकडा दिसत होता. ती दाराबाहेर जमिनीवर बसून त्याकडे बघत राहिली. सव्वादोनला साडेपाचशे, अडीचला सातशे. पावणेतीनला आठशेतीस. तीनला नऊशेसत्तर.

एकाचाच.

ती उठली आणि काचेतून पाहिलं. बाबा बाकड्यावर ताठ बसले होते, हात मांडीवर, डोळे मिटलेले. चेहरा प्रसन्न. जुना पांढरा सदरा, त्याची वरची दोन बटणं उघडी. त्या सदऱ्यावर तिने नजर रोखली. घड्याळ बघून एक मिनिट. मग आणखी एक. सदरा हलला नाही.

तिने दार धाडकन उघडलं. "बाबा!"

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहून हसले. ओठ हलले, आणि त्यानंतर जरा उशिराने, जरासा बाजूने, आवाज आला. "काय गं?"

"तुम्ही... तुम्ही श्वास घेत नाही आहात."

"हो," बाबा म्हणाले. पुन्हा आधी ओठ, मग आवाज. "तुला सांगणारच होतो. तू ओरडशील म्हणून नाही सांगितलं."

तिला ओरडता आलं नाही.

"बाहेर मला एकेक श्वास उचलून घ्यावा लागतो, बाळा. कारखान्यातल्या ओंडक्यासारखा. एक ठेवला की दुसरा. दिवसरात्र. तू चहा पीत असतेस, बडबडत असतेस, तेव्हा मी मनात म्हणत असतो, आता हा घे, आता तो घे." ते थांबले. पानं जराशी सळसळली, मग आवाज आला. "इथे घ्यावाच लागत नाही."

"मग कोण घेतं?"

बाबांनी खांदे उडवले. कधी काळी शाळेतल्या अवघड गणितावर उडवायचे तसे.

त्यांचा हात धरून तिने त्यांना बाहेर आणलं. पॅसेजमध्ये बराच वेळ काहीच झालं नाही. ती सेकंद मोजत होती, बारा, तेरा, चौदा. मग बाबा खोल पाण्यातून वर आल्यासारखे खेचून श्वास ओढू लागले आणि शिटी सुरू झाली. ती ऐकून ठिणगीला आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं ते आनंदाने.

"उद्या अँब्युलन्स बोलावते," ती म्हणाली. "भरती व्हायचं. पैज मी जिंकले."

बाबांनी नुसता हात वर केला. त्यांना श्वास घ्यायचा होता.

५

शनिवारी सकाळी तिला उठायला उशीर झाला. घरात शिटी नव्हती.

बाबा खोलीत होते. कधी गेले, तिला कळलं नव्हतं. अँब्युलन्स दहाला येणार होती, साडेनऊ वाजले होते. तिने दाराबाहेरून सांगून पाहिलं, विनवून पाहिलं, मग तिच्या स्वभावाप्रमाणे ओरडून पाहिलं.

"आयुष्यभर स्वतःचंच खरं केलंत! फडकं बांधलं नाहीत, डॉक्टरचं ऐकलं नाहीत. मागे कोण राहणार याचा विचार केलात कधी?"

"तूच," आवाज आला. "म्हणूनच तर इथे बसलोय."

पावणेदहाला ती आत घुसली. बाबांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ते विरोध करत नव्हते, नुसते जड होते. पॅसेजमध्ये आणून तिने त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि मोजायला लागली. चौदा. वीस. तीस. बाबा तिच्याकडे बघत होते. चाळीस. त्यांच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. कुणाचं तरी नाव आठवायचा प्रयत्न करावा आणि ते येऊ नये, तसे ते बघत होते. ओठ निळे पडायला लागले.

"घ्या ना! बाबा, घ्या! आता हा घ्या!"

तिने त्यांना आडवं केलं, नाक दाबून तोंडाने हवा फुंकली. छाती वर आली. हवा जशीच्या तशी बाहेर आली आणि छाती खाली गेली ती गेलीच. पुन्हा फुंकली. पुन्हा तसंच. दर फुंकरीमागे तिची स्वतःची धाप वाढत गेली, डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले. बाबांची नजर स्थिरावत चालली होती.

मग तिने विचार करणं थांबवलं. बाबांना खेचत, फरफटत, तिने पुन्हा खोलीत नेलं आणि पाठीने दार लावलं.

दाराला टेकून जमिनीवर बसताना ते तिला दिसलं. सर्वांत खालच्या फळीच्या मागे, कुंड्या आणि भिंत यांच्या मधल्या हातभर अंधारात. पूर्ण नाही. ओलसर, फिकट, एखाद्या मोठ्या जनावराच्या कुशीसारखं काहीतरी हळूच फुगलं, बराच वेळ तसंच राहिलं, मग बसलं. त्याच वेळी खोलीतली सगळी पानं एकदम, केसभर, खाली झुकली. तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिथे सावली होती आणि भिंत होती.

बाबांच्या ओठांचा रंग परत आला होता. ते स्वतःच उठून बाकड्यावर बसले.

दाराची बेल वाजली.

"आले," तिने म्हणायचं ठरवलं. उठायचं, हॉलमधून जायचं, कडी काढायची. त्या माणसांना आत घ्यायचं. मग ते बाबांना उचलून पॅसेजमध्ये आणतील. स्ट्रेचरवर घालतील. जिन्यावरून नेतील. ती मनातल्या मनात सेकंद मोजत गेली आणि जिन्याच्या पहिल्या वळणाशी थांबली.

बेल पुन्हा वाजली. बाहेर काकूंचा आवाज आला. "अगं ए ठिणगे, उघड की! दोन माणसं खोळंबलीयेत इथे!"

त्या माणसांकडे ऑक्सिजन असेल. त्यांच्याकडे यंत्रं असतील. तिने न ऐकलेले आणखी उपाय असतील. ती अडाणी नव्हती. आपल्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, याचा वाद ती नंतर स्वतःशी घालू शकली असती. आता फक्त दार उघडायचं होतं. ती उठली.

उठताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. इतक्या ओढाताणीनंतर तिला धाप लागायला हवी होती. मघाशी लागलीही होती. आता नव्हती. छातीत कसा निवांतपणा होता, सुट्टीच्या दिवशी जाग आल्यावर असतो तसा.

तिने खोलीचं दार उघडलं आणि एक पाय पॅसेजमध्ये टाकला. तोंड उघडलं. पुढे काय करायचं असतं ते तिला सुचेना. रोज हजारो वेळा केलेली गोष्ट, शाळेत चित्र काढून शिकलेली, लोकांच्या घरी जाऊन मोजलेली. आधी छाती उचलायची असते की आधी हवा आत येते? खांदे लागतात का? तिने खांदे उचलून पाहिले. काही झालं नाही. पॅसेजच्या टोकाला, हॉलपलीकडे, बाहेरच्या दाराखालच्या फटीतून तीन माणसांच्या पायांच्या सावल्या दिसत होत्या.

"आहेत हो आत," काकू कुणाला तरी सांगत होत्या. "मघाशी आवाज आला ना पोरीचा."

ठिणगी उंबऱ्यावर उभी राहिली, कितीतरी वेळ, कानात रक्त वाजेपर्यंत. दार ठोठावायला सुरुवात झाली होती. तिने मागे वळून पाहिलं. ऊन पानांवरून बाबांच्या गुडघ्यांवर आलं होतं. ते तिच्याकडेच बघत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. जा, असं ते मानेने सांगत होते. जा, जा.

तिने पाय आत घेतला आणि दार लोटलं.

बाबांनी डोळे मिटले. मग बाकड्यावर जरासं सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.